नव्याचं जुनं

आपल्या लोकांचा सगळा पराक्रम जुन्याचं नवं करण्यात खर्च झालेला आहे. दिवाळी आली की भिंतींना चुना, गणपती आले की दाराला रंग, पाहुणे आले की उशांना अभ्रे. पितळेचं भांडं चिंचेनं घासून आरशासारखं करणं हे आपल्याकडे सद्गुणात मोडतं आणि केसांना कलप लावणं हे, निदान पन्नाशीपर्यंत, स्वसंरक्षणात. अशा समाजात एखादा माणूस कोऱ्या करकरीत लाकडाला शाई फासतो, वर खडूची पूड उडवतो, कडा ब्लेडनं उसवतो आणि 'आता कसं शंभर वर्षांचं दिसतंय!' म्हणून टाळीसाठी हात पुढे करतो, तेव्हा त्याला टाळी मिळत नाही. लोक त्याच्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात.

असा माणूस कळंबला एक आहे, आणि तो मी. कळंब म्हणजे यवतमाळकडचं नव्हे आणि धाराशिवकडचंही नव्हे. नालासोपाऱ्याला गाडीतून उतरायचं (म्हणजे गर्दीनं उतरवलं तर उतरायचं), निर्मळवरून समुद्राच्या रोखानं जात राहायचं आणि रस्ता संपला की थांबायचं, ते कळंब. पुढे सुरूची झाडं, वाळू, होड्या आणि अरबी समुद्र. तीस-बत्तीस वर्षं मुंबईतल्या एका कचेरीत लोकलनं जाऊन-येऊन मी इथे निवृत्त झालो. ज्यानं जन्मभर रेल्वेत धक्के खाल्ले त्यानं म्हातारपणी रेल्वेच खेळायला घ्यावी, हे आमच्या हिला अजून उमगलेलं नाही. 'तुरुंगातून सुटलेला माणूस अंगणात तुरुंग बांधतो का हो?' असं तिनं एकदा विचारलं. मला उत्तर सुचलं, पण तोवर ती आत गेली होती.

निमित्त झालं अमेरिकेतल्या भाच्याचं. सुट्टीवर येताना त्यानं एक खोकं आणलं. खोक्यावर कुठल्याशा खेड्यातल्या लाकडी रेल्वे स्टेशनचं चित्र होतं. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, एक फळी निखळलेली. परदेशातली असूनही इमारत अगदी घरची वाटावी. आत मात्र स्टेशन नव्हतं. आत बासवुड नावाच्या मऊ, पांढुरक्या लाकडाच्या पट्ट्या होत्या, काडेपेटीतल्या काडीहून बारीक. पत्त्याएवढ्या फळ्या होत्या. धातूत ओतलेले दुधाचे कॅन होते, मुगाच्या दाण्याएवढे. आणि सूचनांची पुस्तिका होती. तिची पहिली सहा पानं स्टेशन उभं कसं करायचं याची, आणि उरलेली दहा ते जुनं कसं करायचं याची. पाकशास्त्राच्या पुस्तकात पुरणपोळीला सहा पानं आणि ती शिळी कशी करावी याला दहा पानं द्यावीत, तसला हा प्रकार.

या जुनं करण्याला छंदिष्ट मंडळी 'वेदरिंग' म्हणतात. मराठीत शब्द नाही, कारण मराठीत ती गरज नव्हती. पण चार उन्हाळे-पावसाळे जास्त पाहिलेला माणूस आपल्याकडे असतो. वेदरिंग म्हणजे लाकडाला ते चार उन्हाळे-पावसाळे बसल्या जागी दाखवणं.

जुनं करण्याआधी लहान करावं लागतं. माझं खोकं 'एच-ओ' प्रमाणाचं होतं. एच-ओ म्हणजे 'हाफ-ओ', अर्धं शून्य. शून्याचं अर्धं किती, हा प्रश्न शाळेत मास्तरांना विचारला असता तर मला वर्गाबाहेर काढलं असतं. जर्मनांनी मात्र त्याची रेल्वे काढली. झालं असं, की मार्कलिन नावाच्या जर्मन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रुळांना पहिल्यांदा ठरावीक मापं आणि नंबर दिले. पुढे पहिल्या नंबराहून लहान रूळ निघाले, त्यांना शून्य म्हटलं. त्याहूनही लहान निघाले तेव्हा आकडे संपले आणि शून्याचे तुकडे करायची वेळ आली. एच-ओचं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटर या हिशेबानं सातशे मीटरच्या आतच बसतात. आमच्या ओटीवरून निघालेली चर्चगेट लोकल किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाशी पोचेल, आणि तिथेही दारात लोंबकळणारे असतीलच.

माणसांचंही तेच. माझी उंची पाच फूट सहा इंच. एच-ओत मी साधारण १९.३ मिलिमीटर. योगायोग असा, की आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतरही पाच फूट सहा इंचच आहे. ते तसं का, तर लॉर्ड डलहौसीला हवे होते सहा फूट, लंडनचे डायरेक्टर म्हणत होते विलायतेसारखे चार फूट साडेआठ इंच. मंडईत वांग्याच्या भावावर होतं तसं झालं आणि सौदा पाच फूट सहावर तुटला. आता गंमत बघा. बाजारात मिळणारा एच-ओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो, म्हणजे विलायती मापाचा. त्यावर आपली गाडी उभी केली की ती पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून उभी राहते. मीसुद्धा त्या रुळांमध्ये आडवा मावणार नाही, गुडघे दुमडावे लागतील. दीडशे वर्षांपूर्वीच्या घासाघिशीचा निकाल माझ्या जेवणाच्या टेबलावर असा अजून भोगावा लागतो.

तशी छोट्या प्रमाणाची गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळीचा किल्ला काय असतो? गोणपाट, दगड, चिखल, वर पेरलेले अळीव आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. फक्त प्रमाणाचा हट्ट नसतो. महाराज बुरुजाहून उंच, मावळा महाराजांहून उंच, आणि पायथ्याच्या शेतात सगळ्यांहून मोठा बदक. वसईकडची पोरं वसईचा किल्ला करतात तेव्हा चिमाजीअप्पा तटावर चढत नाहीत, नुसता पाय टाकून आत येतात. १७३९ साली इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. आणि सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी बघा: पेरू, आंबे, बाहुल्या, सगळं कसं लखलखीत, लाखेच्या रंगानं न्हालेलं. डाग पडलेला आंबा मी तिथे पाहिलेला नाही. खेळणं म्हणजे चकाकणारं, हे आपलं ठाम मत.

हेच मत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं होतं. महाराज माधवराव शिंदे हे रेल्वेचे अतोनात शौकीन. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर त्यांनी चांदीची आगगाडी फिरवली. ती विजेवर चाले आणि इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीनं करून दिलेली होती. डब्यांवर इंग्रजीत 'शिंदिया' हे नाव एकेका अक्षरानं विभागलेलं, आणि डब्यांत मद्याच्या सुरया, सिगार वगैरे माल. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबायची, ठेवली की पुन्हा निघायची. प्रवासी चढल्याशिवाय न हलणारी गाडी हिंदुस्थानात एवढी एकच झाली असावी. पण तिच्यावर धुळीचा कण नाही, काजळीचा ठिपका नाही. कोळशाचं इंजिन ज्यानं डोळ्यांत कणी जाईपर्यंत पाहिलंय त्याला ही गाडी सुंदर वाटेल, खरी वाटणार नाही.

खरी वाटणारी गाडी बघायची तर पुण्याला कोथरूडला जायचं. भाऊ जोशी या गृहस्थांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदाचं १९९८ साली १ एप्रिलला संग्रहालय केलं, जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. तारीख एप्रिल फूलची, पण गंमत अगदी गंभीरपणे केलेली. सिग्नल पडतात, सांधे बदलतात, गाड्या एकमेकींना वाट देतात, सभोवती अख्खं गाव वसलेलं आहे. तिथे मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा मला मुलांपेक्षा आजोबाच पुढे घुसताना दिसले. त्यांतले एक गृहस्थ तर सिग्नल पडला की नकळत पिशवी सावरत होते. एवढ्यावरून ते उपनगरातले हे मी ओळखलं.

पण मुद्दाम मळवण्याची ही बुद्धी पहिल्यांदा कुणाला झाली? एकट्याचं नाव घेणं कठीण, पण ती लोकांच्या गळी उतरवली ती कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावच्या जॉन ॲलननं. हा धंद्यानं फोटोग्राफर. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते हे कळणारा डोळा. त्यानं घराच्या तळघरात एक रेल्वे उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'गोर अँड डिफीटेड'. स्पेलिंग वाकडं करून ठेवलेलं हे नाव मोठ्यानं वाचलं की अर्थ निघतो 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. सकाळची लोकल पकडणाऱ्या कुणाही माणसाला हे नाव सुचू शकलं असतं. आपण नोंदणी केली नाही एवढंच. त्याच्या रेल्वेवर डबे ढकलायला इंजिनाऐवजी एमा नावाचा एक डायनोसॉरही होता. पण इंजिनांच्या अंगावर काजळी होती, छपरांवर गंज होता, फळ्या वाकलेल्या होत्या. ज्या काळात बाकीचे लोक आपली गाडी पेटीतून काढली तशी चकचकीत ठेवत, त्या काळात यानं दाखवून दिलं की गाडी मळली की ती खेळणं राहत नाही, ती कुठूनतरी आलेली गाडी होते. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारला आणि काही दिवसांतच त्याच्या घराला आग लागून ती रेल्वे जळाली. पंचवीसएक वर्षं जी राख आणि काजळी त्यानं ब्रशनं एकेक ठिपका लावली होती, ती शेवटी एका रात्रीत घाऊक आली. उरले ते त्यानंच काढलेले फोटो.

आता पुस्तिकेतली दहा पानं. पहिलंच वाक्य वाचून मी उडालो. त्यात लिहिलं होतं: स्पिरिटमध्ये 'इंडिया इंक'चे थोडे थेंब टाका आणि त्यात लाकूड बुडवा. म्हणजे अमेरिकेत लाकूड म्हातारं करायचं तर हिंदुस्थानची शाई लागते! कोऱ्या अमेरिकेला वय हवं तर मागणी आपल्याकडेच येणार, याबद्दल मला जरा अभिमान वाटला. पण ही शाई मुळात काजळी आणि डिंकाची, चिनी लोक ती फार जुन्या काळापासून करत आले आणि युरोपला ती हिंदुस्थानच्या वाटेनं मिळाली म्हणून नाव आपलं. आपणही बोरूनं पोथ्या लिहायला काजळ घोटून तसलीच शाई करत होतोच. स्पिरिट पातळ असतं, ते लाकडाच्या शिरांत शिरतं, काजळी तिथे सोडतं आणि उडून जातं. वर आधी तारेच्या ब्रशनं ओरखडे काढलेले असले की त्या शिरा उठून दिसतात. दहा मिनिटांपूर्वीची फळी बघता बघता आजोबांच्या पेटीसारखी करडी पडते. खरं सांगतो, हे पहिल्यांदा होताना बघणं हा एक चमत्कार आहे. आयुष्यात मी म्हातारपण येताना पाहिलं ते फक्त आरशात, आणि तेही इतकं सावकाश की कधी आलं ते कळलं नाही. इथे ते बशीत, डोळ्यांदेखत आलं.

दुसरी कृती चहाची. लाकडाला आधी कोऱ्या चहाचा हात द्यायचा. मग शिरक्यात दोन दिवस लोखंडी घासणी बुडवून ठेवलेली असते, ते पाणी वरून लावायचं. चहातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की लाकूड काळवंडतं. हिरडा आणि हिराकस घालून जुने लोक शाई करत ती याच न्यायानं. शिरका शेजारच्या मावशींकडे ताडीचा घरचा असतो. त्यांनी वाटीभर दिला आणि मटण कसं झालं ते विचारायला संध्याकाळी येऊन गेल्या. आमच्या हिनं त्यांना टेबलावरचं स्टेशन दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टरला दाखवलंत का?' स्टेशनबद्दल नसावं ते.

तिसरी कृती मिठाची, आणि तिथे मात्र मी पुस्तिका मिटली. रंगाचे पोपडे दाखवायचे असतील तर आधी गंजाचा तपकिरी हात द्यावा, तो ओलसर करून वर मीठ भुरभुरावं, वाळल्यावर वरचा रंग द्यावा आणि मग मीठ घासून काढावं. जिथे मीठ होतं तिथे खालचा गंज डोकावतो. कृती नामी आहे. पण कळंबच्या माणसाला मीठ कसं गंजवतं ते शिकवायला अमेरिकेतून पुस्तक यावं? आमच्या खिडकीचे गज दरवर्षी रंगवावे लागतात. सायकलची साखळी आठ दिवस उभी राहिली की तिची रुद्राक्षमाळ होते. इथलं वारंच मुळी खारं. म्हणून मी पत्र्याचा तुकडा सरळ गच्चीवर समुद्राकडे तोंड करून ठेवून दिला. ही म्हणाली, 'घराच्या छपराचा पत्रा सडलाय त्याचं काही नाही, आणि ह्या नखाएवढ्या पत्र्याला गंज कसा येत नाही म्हणून चारदा वर जाऊन बघताय!' छपराचा पत्रा हा निसर्गाचा प्रश्न आहे आणि हा नखाएवढा इतिहासाचा, हे मी तिला सांगितलं. त्या दिवशी चहा जरा उशिरा मिळाला.

इतिहासाचा म्हणतो ते उगाच नव्हे. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या देशात लाकूड उन्हानं आणि बर्फानं रुपेरी होतं. आमच्याकडे लाकूड तसं म्हातारं होत नाही. किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुतारकाकांना मी माझी करडी फळी दाखवली. त्यांनी ती नखानं खरवडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, 'काका, हे लाकूड पावसात नाही राहिलेलं.' वास्तविक ते स्पिरिटमध्ये राहिलेलं होतं, आणि वासावरून त्यांचा माझ्याबद्दल काही गैरसमज झाला असल्यास तो अजून कायम आहे. पण बोलले ते लाखाचं. त्यांच्या हाताखालच्या फळ्या तेल पिऊन काळ्या पडलेल्या होत्या, डांबरानं भरलेल्या होत्या, पाणरेषेपाशी हिरवट होत्या. मग मी वही घेऊन हिंडायला लागलो. पाऊस आमच्याकडे नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून भिंतीची तीच बाजू शेवाळानं काळी पडते. पूर्वेची कोरडी राहते आणि उन्हानं विटते. पागोळ्यांचा चिखल भिंतीवर दीड फुटापर्यंत उडतो, म्हणजे माझ्या मापात पाच मिलिमीटर. पानाची पिचकारी कोपऱ्यात, तीन फुटांवर, साडेदहा मिलिमीटर. बाकाच्या पाठीवर डोक्याच्या तेलाचा डाग. खांब जिथे लोक टेकून उभे राहतात तिथे गुळगुळीत, आणि जिथे कुणी टेकत नाही तिथे खरखरीत. एखादी इमारत कशी जुनी झाली हे नीट लिहून काढलं की तिथे कोण, कुठे, किती वेळ ताटकळत उभं होतं तेच लिहून होतं. इतिहासाच्या पुस्तकांत व्हाइसरॉय कुठल्या डब्यात बसला हे असतं; खांबाला कोण टेकलं ते नसतं.

तेव्हा मी ठरवलं की अमेरिकेतलं हे स्टेशन अमेरिकेत ठेवायचं नाही. पण आपल्याकडे आणून कुठे ठेवायचं?

इथे आमच्या रेल्वेची जन्मकथा सांगायला हवी. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिनं, हे सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं. आमची वसई-विरारची गाडी मात्र मुंबईहून आलीच नाही. ती गुजरातेतून मुंबईला आली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया ही लांबलचक नावाची कंपनी १८५५ सालची. तिनं सुरुवात केली अंकलेश्वर-उत्राणपासून, १८६० साली, आणि नद्या-खाड्या ओलांडत ती १८६४ च्या २८ नोव्हेंबरला ग्रँट रोडला टेकली. विरारहून मुंबईला नोकरीला जाणारा माणूस हा तेव्हापासूनच रेल्वेच्या मार्गानं जातोय म्हणायचा.

आणि ही रेल्वे मुळात खोक्यातून आली होती! कंपनीचे सल्लागार इंजिनिअर लेफ्टनंट कर्नल जे. पी. केनेडी यांनी ठरवलं की प्रत्येक नदीला निराळा पूल आखत बसायचं नाही. साठ फुटांचा एकच एक लोखंडी गाळा, त्याचे सुटे भाग सगळे सारखे. नदी मोठी असेल तर गाळे जास्त, लहान असेल तर कमी. भाग विलायतेत घडवायचे, जहाजात भरायचे आणि इथे बोल्ट आवळून उभे करायचे. खाली चिखलात पाया कसा घालायचा? तर ज्याच्या टोकाला मळसूत्र आहे असे लोखंडी खांब स्क्रूसारखे तळात फिरवायचे. हा खांब शोधून काढणारा अलेक्झांडर मिचेल हा बेलफास्टचा इंजिनिअर विशीतच आंधळा झालेला होता. डोळे असलेले लोक चिखलात बुडत होते तेव्हा उपाय सुचला तो याला. सुरुवातीच्या काळात आपल्याकडच्या रेल्वेचे लाकडी स्लीपरसुद्धा काही ठिकाणी विलायतेहून येत, क्रिओसोट पाजलेले, कारण इथल्या वाळवीची भूक कंपन्यांच्या अंदाजपत्रकात बसत नव्हती. थोडक्यात, सूचनांची पुस्तिका, सुटे भाग आणि 'चिकटवून घ्या' हा निरोप, हे सगळं माझ्या भाच्याच्या आधी दीडशे वर्षं होऊन गेलेलं आहे. फक्त वेदरिंगची दहा पानं त्या खोक्यात नव्हती. ते काम आम्ही आणि आमच्या पावसानं मिळून केलं.

१८६७ साली १२ एप्रिलला विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरारहून सुटायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत निघायची. दिवसाला एक! ती चुकली की माणूस उद्याच कामावर. तिच्या स्टेशनांची यादी मी एका निवांत दुपारी वाचत होतो. नीला म्हणजे आमचं नालासोपारं, मग बेसिन, बोरिवला, पहाडी (ते पुढे गोरेगाव झालं), अंदारू म्हणजे अंधेरी, बांदोरा... नावं वाचताना जुन्या वर्गमित्रांची हजेरी घेतल्यासारखं वाटत होतं. आणि बेसिन न् बोरिवला यांच्या मध्ये एक नाव होतं, पाणजू.

पाणजू हे वसईच्या खाडीतलं बेट. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये, दोन पुलांच्या मधोमध. बत्तीस वर्षं मी त्याच्यावरून दिवसातून दोनदा गेलो. तिथे गाडी थांबत नाही. खाडी आली की खिडकीतली माणसं नमस्कार करतात आणि घरचं निर्माल्य पिशवीसकट भिरकावतात; खाडीला पोचलं तर पुण्य, आणि पुलाच्या कडेनं चालणाऱ्या पाणजूकराला लागलं तर त्याचं नशीब. माणसं जखमी झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. त्या बेटावरचे लोक होडीनं ये-जा करतात, आणि डोक्यावरून विजेच्या गाड्या धडधडत जातात. विरारपर्यंत वीज आली १९३६ साली, तेव्हापासून तर थांबायचा प्रश्नच नको इतक्या वेगानं. ज्या गावाला मुंबईच्या पहिल्या उपनगरी गाडीत मान होता, त्याला आज होडीची वाट बघावी लागते. विरारला त्या वेळी काय होतं? आणि आज विरारच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. एक टिंब वेळापत्रकातून पुसलं गेलं, एवढंच झालं. बत्तीस वर्षं वरून जाताना मला कुणी हे सांगितलं नाही. दोष कुणाचा नाही, डब्यात आम्ही सगळे पत्ते खेळत होतो.

तेव्हा माझ्या खोक्यातलं स्टेशन झालं पाणजू. सोय अशी, की 'असं नव्हतं हो ते' म्हणणारा साक्षीदार हयात नाही. तरी इमानानं जेवढं करता येईल तेवढं केलं. धुराडं काढून टाकलं. अमेरिकेत थंडीला शेगडी लागते, पाणजूला शेगडी पेटवली तर स्टेशनमास्तर खाडीत उडी घेईल. छपराचा प्रश्न आला. सगळ्यांनी सांगितलं, मंगलोरी कौलं लाव. पण मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तोच १८६५ साली. दोन वर्षांत ती पाणजूला पोचवणं मला जड वाटलं. म्हणून गावठी नळीची कौलं. उदबत्तीच्या काडीवर पातळ कागद गुंडाळायचा, डिंकानं पक्का करायचा, काडी ओढून काढायची आणि नळी उभी चिरायची. उदबत्तीच्या काडीची जाडी एकास सत्त्याऐंशी प्रमाणात बरोबर नळीच्या कौलाएवढी येते, हे परमेश्वराच्या अस्तित्वाचं जे काही पुरावे मला आयुष्यात मिळाले त्यांतलं एक. अशी कौलं मी नऊशे केली. आमच्या देवघरात तेवढे दिवस उदबत्त्या काडीशिवाय, म्हणजे धुपाच्या स्वरूपात लागल्या.

मग नैर्ऋत्येची भिंत शाईनं काळी केली, तीवर हिरव्या खडूची पूड. खाली पाच मिलिमीटर चिखल, तो मात्र खरा, खाडीवरून पुडीत बांधून आणलेला आणि वस्त्रगाळ केलेला. खाडीचं पाणी निळं रंगवलं नाही; वसईच्या खाडीत निळं पाणी पाहिलेला माणूस मला भेटायचाय. फलाटाच्या खांबांपैकी एकच गुळगुळीत ठेवला, दाराजवळचा. दिवसाला एकच गाडी असेल तर लोक एकाच खांबाला टेकणार. केळ्यांचे दोन घड आणि विड्याच्या पानांच्या करंड्या फलाटाच्या टोकाला ठेवल्या, कारण वसईची केळी आणि पानं मुंबईला जायची ती याच मार्गानं. दुधाचे कॅन मी काढून टाकणार होतो, पण ही म्हणाली राहू द्या, बेटावर म्हशी असतीलच की. तिनं स्टेशनच्या कामात घातलेलं हे पहिलं लक्ष. त्यानंतर दोन दिवसांनी फलाटावरच्या बाकाकडे बोट करून ती म्हणाली, 'ह्याला तेलाचा डाग इतका खाली कसा? बाई बसली असणार तर अंबाडा इथे येईल.' मी डाग दीड मिलिमीटर वर सरकवला.

गाडी अजून आहे तीच, भाच्याच्या मुलाची, निळ्या रंगाची, १८६७ शी काही संबंध नसलेली. पण ती पाणजूला थांबते. तेवढी तार मी जोडून घेतली आहे. फलाटाशी आली की वीज तुटते, मिनिटभरानं परत येते. परवा शेजारचा पोरगा आला होता. गाडी थांबली तसा तो टेबलाला नाक लावून बघत राहिला आणि म्हणाला, 'आजोबा, इथे कोण उतरतं?'

'दोघं उतरतात,' मी म्हटलं. एकोणीस मिलिमीटरचा एक गडी आणि त्याच्यापुढे सतरा मिलिमीटरची एक बाई. बाईच्या डोक्यावर पाटी आहे. पाटीत काय ते अजून रंगवायचं राहिलंय. ही म्हणते सुके बोंबील, मला वाटतं मुंबईहून परत येताना पाटी रिकामी असावी.